जुनी टर्बो गाडी परत उभी करताय? मग रिमॅप सगळ्यात शेवटी

मामाची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस चेंबूरला सोसायटीच्या स्टिल्टमध्ये चार वर्षं कव्हरखाली उभी होती. २००५ ची, काळी. मामाने चावी हातात दिली त्याच संध्याकाळी मी रिमॅप करणाऱ्याला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून पॉवर वाढवून देणाऱ्याला, फोन लावला आणि तो माणूस खरा निघाला, म्हणाला रिमॅप मी तासाभरात करून देतो पण गाडी आत्ता स्टॉकवर, म्हणजे काही बदल न करता, किती पॉवर देतेय ते आधी सांग, मी टर्बोकडून, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याकडून, जास्त हवा मागणार आणि तुझे पाइपच फाटलेले असतील तर ती हवा जाणार कुठे? तिथून पुढे सात महिने गेले आणि त्यातले सहा महिने तर गाडी कारखान्यातून आली होती तशी करण्यातच गेले. म्हणून जुनी टर्बो गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो की तुमच्या गाडीची बरीच पॉवर आत्ताच कुठेतरी गळतेय, ती आधी परत मिळवा, त्याला रिमॅप लागत नाही.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००४ मध्ये आपल्याकडे आरएस आली तेव्हा टर्बो म्हटलं की लोकांना डिझेलच आठवायचं, आणि ही पेट्रोल. १७८१ सीसी, चार सिलिंडर, प्रत्येकाला ५ म्हणजे एकूण २० व्हॉल्व्ह, १५० पीएस म्हणजे हॉर्सपॉवर आणि २१० एनएम टॉर्क, टर्बो छोटा, के०३ मॉडेलचा. हेच इंजिन ऑडी, फोक्सवॅगन, स्पेनची सिआट सगळ्यांनी वर्षानुवर्षं वापरलं त्यामुळे पार्ट आणि माहिती दोन्ही मिळते, हा मोठा फायदा आहे. तुमची गाडी दुसरी असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच ठेवा.

गाडी बरीच वर्षं उभी असेल तर सेल मारायची घाई अजिबात करू नका. आधी टॉर्च घेऊन वायरिंग बघा, मुंबईत स्टिल्टमध्ये उभी असलेली आणि उंदरांनी हात न लावलेली गाडी मी अजून बघितली नाही, इंजिन कव्हरखाली आणि बॅटरीच्या ट्रेमध्ये हमखास चिंध्या सापडतात. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, वास घेतला तरी कळतं, वॉर्निशसारखा येतो. नवीन ऑइल आणि फिल्टर टाका. मग चारी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, दुसऱ्या दिवशी क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने हाताने दोन फेरे द्या, कुठे अडकत नाही ना ते हाताला कळतं. त्यानंतर फ्युएल पंपाचा फ्यूज आणि कॉइलचे कनेक्टर काढून, प्लग नसतानाच सेल मारा, पाच-सात सेकंद, थांबा, परत, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. एवढं सगळं का, तर टर्बोचा शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो आणि लोडवर मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, त्याला पहिल्या दिवशी कोरडा फिरवला तर पुढच्या सगळ्या मेहनतीवर पाणी.

टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल हातात नसेल तर तो बदललाच नाही असं धरा. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन सरळ व्हॉल्व्हवर आपटतात आणि इथे व्हॉल्व्ह २० आहेत. बेल्टबरोबर टेन्शनर, रोलर आणि वॉटर पंप एकदमच बदला कारण मजुरी तीच आहे, आणि पंप घेताना आतली पंख्याची चक्री लोखंडी बघून घ्या, प्लास्टिकची जुनी झाली की तडकते आणि शाफ्ट फिरतो पण पाणी फिरत नाही, मग गाडी का हीट होतेय ते शोधत बसा.

आता ऑइलचा चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं ते भांडं. हे काम बहुतेक लोक टाळतात आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे. कुर्ल्याला मी ज्या काकांकडे जातो त्यांनी गाडी रॅम्पवर घेतल्या घेतल्या सांगितलं, "आधी चेंबर उतरवू, मग बाकीचं बोल." उतरवला. ऑइल पंपाच्या तोंडाशी एक छोटी जाळी असते, पोळीच्या तव्यावर करपलेला थर बसतो ना तसा काळा थर तिच्या अर्ध्या भागावर होता, काकांनी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने खरवडला तर त्याचे कुरकुरीत तुकडे हातावर पडले, बोटांनी चुरडले तर कोळशाची पूड. डॅशबोर्डवर ऑइलचा दिवा एकदाही लागलेला नव्हता. दिवा प्रेशर अगदी संपत आल्यावरच लागतो, त्याच्या खूप आधीपासून टर्बोला ऑइल कमी पडायला लागलेलं असतं. मधल्या काळात कोणीतरी साधं मिनरल ऑइल टाकलं होतं आणि टर्बोच्या गरमीने ते जळून जळून तिथे बसलं होतं.

तर चेंबर उतरवा, जाळी बदला, आणि टर्बोला ऑइल नेणारा बारीक लोखंडी पाइपही नवीन टाका कारण तो सायलेन्सरच्या मॅनिफोल्डच्या अगदी जवळून जातो आणि आतून कोळशाने बुजत जातो, साफ केला म्हणून कोणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. इंजिन फ्लशची बाटली टाकू नका, ती थर सोडवते आणि सुटलेले तुकडे परत त्याच जाळीवर येऊन बसतात. ऑइल फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-४०, डब्यावर फोक्सवॅगनचं ५०२ ०० लिहिलेलं हवं, आणि मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये ७-८ हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, कारण सायन ते अंधेरी दीड तास रांगत गेलेल्या गाडीचे किलोमीटर कमी दिसतात पण इंजिन तेवढा वेळ चालूच असतं. ऑइल स्विचच्या जागी मेकॅनिकल गेज लावून गरम इंजिनवर एकदा प्रेशर मोजून घ्या. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) एक बारच्या वर आणि २००० आरपीएमला अडीचच्या वर असेल तर मी पुढे जातो, नसेल तर तिथेच थांबतो. चेंबर ऍल्युमिनियमचा आहे, आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर फुटतो, खाली लोखंडी गार्ड नसेल तर आधी तो लावा.

कंप्रेशन टेस्ट दहा मिनिटांची आहे. निरोगी इंजिनला ९ ते १४ बारच्या मध्ये काहीतरी येतं, ७ ही खालची हद्द, आणि दोन सिलिंडरमध्ये ३ बारपेक्षा जास्त फरक नको. इथे नापास झाली तर टर्बोवर एक रुपयाही घालवू नका, आधी इंजिन.

पास झाली की मग हवा. गाडी पिकअप घेत नाही, धूर काढते, आयडलला थरथरते, सीटीऐवजी फुस्स आवाज येतो, या सगळ्यामागे बहुतेक वेळा वीस वर्षांची रबरं असतात. हे नीट समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. एअर फिल्टरनंतर एक सेन्सर बसलेला असतो जो आत जाणारी हवा मोजतो आणि कॉम्प्युटर त्याच हिशोबाने पेट्रोल सोडतो. आता पुढे कुठे पाइप फाटलेला असेल तर टर्बो भरात असताना मोजलेली हवा त्या भोकातून बाहेर जाते, पेट्रोल मात्र पूर्ण हवेचं पडतं, म्हणून काळा धूर आणि ऍव्हरेज गेलं. तेच भोक थ्रॉटलच्या, म्हणजे ऍक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेच्या, पुढे इंजिनच्या बाजूला असेल तर आयडलला उलटं वागतं, न मोजलेली हवा आत ओढून घेतं, पेट्रोल कमी पडतं आणि गाडी थरथरते. एकाच भोकाची दोन उलटी लक्षणं, त्यामुळे एक गॅरेज सांगतं इंजेक्टर, दुसरं सांगतं सेन्सर, आणि तुम्ही दोन्ही बदलून बसता.

भोक शोधायचं साधन घरी बनतं. नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात जा, टर्बोच्या इनटेक पाइपच्या तोंडात घट्ट बसेल अशा मापाची पीव्हीसीची टोपी घ्या, दोन चांगले क्लँप घ्या, टोपीला मधोमध भोक पाडून त्यात पंक्चरवाल्याकडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवून घ्या, झालं. इंजिन थंड आणि बंद. हवेच्या सेन्सरच्या पुढचा पाइप सोडवून तोंडाला टोपी क्लँपने आवळा, इंजिनच्या ब्रीदरमधून (इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर काढणाऱ्या वाटेतून) त्या पाइपला येणारी नळी सोडवून दोन्ही तोंडं बंद करा नाहीतर सगळं प्रेशर इंजिनच्या पोटात जाऊन सील बाहेर येतील, आणि पायपंपाने हळूहळू अर्धा बार भरा, जास्तीत जास्त ०.७. कंप्रेसर लावू नका, पायपंपच बरा, हाताला अंदाज राहतो. मग भांडी घासायच्या लिक्विडचं पाणी स्प्रेच्या बाटलीत घेऊन प्रत्येक सांधा, प्रत्येक नळी भिजवा.

माझ्या गाडीत पहिला फेस दिसला तो डायव्हर्टर व्हॉल्व्हच्या (ऍक्सिलरेटर सोडल्यावर टर्बोचं उरलेलं प्रेशर परत वळवतो तो) खालच्या पाइपच्या पोटाशी, जिथे वरून नजरच जात नाही, छोटा आरसा घालून बघितलं तर पांढरे बारीक बुडबुडे एका सरळ रेषेत येत होते. पाइप हातात घेऊन वाकवला तेव्हा चीर उघडली, करंगळीएवढी. बाहेरून तो पाइप अगदी नवा दिसत होता. पुढच्या दोन तासांत अजून चार जागा सापडल्या, इनटेक मॅनिफोल्डखालच्या ब्रीदरच्या नळ्या तर दाबल्या की बिस्किटासारख्या तुटत होत्या. त्या सगळ्या बदला, एक-दोन नाही, कारण सगळ्यांचं वय एकच आहे. मधे जे वन-वे व्हॉल्व्ह असतात ते काढून तोंडाने फुंकून बघा, एकाच बाजूने हवा जायला हवी. डायव्हर्टर व्हॉल्व्हची परीक्षाही सोपी, आतला पिस्टन बोटाने दाबून धरा, वरच्या बारीक नळीच्या तोंडावर दुसरं बोट ठेवा आणि पिस्टन सोडा, तो दाबलेलाच राहिला तर आतला पडदा चांगला, परत आला तर फाटलाय. क्लँप मात्र चांगल्या प्रतीचे घ्या, हलके क्लँप टर्बोच्या प्रेशरला आणि इथल्या खाऱ्या हवेला एका पावसाळ्यात हार मानतात.

टर्बो तपासायला तो उतरवावा लागत नाही. इंजिन थंड असताना इनटेक पाइप काढा, मधलं नट दोन बोटांत धरा. आडवं किंचित हलणं चालतं, पुढे-मागे हाताला जाणवेल एवढं हललं की टर्बो गेला. पाती बाहेरच्या भिंतीला घासल्याच्या खुणा आहेत का, टोकं चावल्यासारखी झालीत का ते टॉर्चने बघा. पाइपमध्ये ऑइलचा हलका थर असतोच, ब्रीदर तिथेच येतो, त्याला घाबरू नका, पण इंटरकूलर (टर्बोने तापलेली हवा थंड करणारा रेडिएटर) तिरका केल्यावर ऑइल ओघळलं तर तो विषय वेगळा. रिपेअर करायचा झाला तर नवीन कार्ट्रिज, म्हणजे शाफ्ट आणि पात्यांचा मधला भाग, बसवून घ्या आणि बॅलन्सिंगचा रिपोर्ट मागा, रिपोर्ट नाही म्हणाले तर दुसरीकडे जा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारातले पार्ट मिळतात, मी तिथून दाराची हँडलं, लाइट, आतली प्लास्टिकं आनंदाने घेतो, पण भंगारातला टर्बो कधीच घेणार नाही, त्याच्या आधीच्या मालकाने त्याला कोणतं ऑइल पाजलं होतं ते कोण सांगणार.

यानंतर स्कॅनर. साधा ब्लूटूथ डोंगल फक्त कोड दाखवतो, इथे व्हीसीडीएस हे फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांचं लॅपटॉपवरचं स्कॅनर सॉफ्टवेअर लागतं, म्हणजे आतले चालू आकडे दिसतात, त्यातल्या एकेका पानाला ब्लॉक म्हणतात. तीन गोष्टी बघा. ब्लॉक ०३२ मध्ये कॉम्प्युटर पेट्रोलची किती दुरुस्ती करतोय ते कळतं, पहिला आकडा आयडलचा, दुसरा चालत्या गाडीचा, दोन्ही शून्याच्या आसपास हवेत, दहाच्या पुढे कुठल्याही बाजूला गेले तर परत फेसाची बाटली घ्या. दुसरं, पूर्ण ऍक्सिलरेटरवर हवेचा सेन्सर सेकंदाला किती ग्रॅम हवा दाखवतो. हॉर्सपॉवरला ०.८ ने गुणा, अंदाज येतो, म्हणजे १५० च्या गाडीला साधारण १२० ग्रॅम. माझ्या गाडीने पहिल्या दिवशी ८८ दाखवले होते, रबरं आणि सेन्सर बदलल्यावर ११७. रिमॅप न करता एवढा फरक! तिसरं, ब्लॉक ०२०, नॉकिंग (पेट्रोल-हवा आपोआप पेटून होणारी ठकठक) ऐकून प्रत्येक सिलिंडरच्या ठिणगीचं टायमिंग किती अंश मागे ओढलं जातंय ते. तीन-चारपर्यंत ठीक, सहाच्या वर सतत राहिलं तर पेट्रोल, प्लग किंवा गरमी यापैकी काहीतरी चुकतंय. पूर्ण ऍक्सिलरेटरची तपासणी रस्त्यावर करू नका, डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर चालवून पॉवर मोजणारं मशीन) करा, आपल्या शहरात पूर्ण ऍक्सिलरेटर द्यायला मोकळा रस्ताच नाही आणि नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर रात्री जे चालतं त्यात कोणाचा तरी जीव जातो.

मुंबईसाठी दोन खास गोष्टी. या गाडीचा इंजिन कॉम्प्युटर वायपरखालच्या पन्हळीत बसतो आणि त्या पन्हळीतून पाणी जायला खाली भोकं आहेत. गुलमोहर किंवा रेन ट्रीखाली गाडी लावत असाल तर त्यांची बारीक पानं बरोबर त्या भोकांत जाऊन लगदा होतात, मग जुलैत एका रात्रीत पन्हळ भरते आणि कॉम्प्युटर पाण्यात. मे संपायच्या आत वायपरचं कव्हर काढून भोकं मोकळी करा, बादलीभर पाणी ओतून खाली निघतंय का बघा. दुसरं म्हणजे बॅटरीच्या आणि इंजिनच्या अर्थिंगच्या पट्ट्या, समुद्राच्या हवेने आतून हिरव्या होतात आणि मग अशा अशा खोड्या करतात की प्रत्येक सेन्सर खराब वाटतो. शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे, डोळे झाकून नवीन टाका.

कूलंट लाल जी१२, डिस्टिल्ड वॉटरबरोबर, हिरवं-निळं त्यात मिसळू नका. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, आपल्याकडच्या दमट हवेत ते पाणी धरतं. टायरवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, नक्षी कितीही छान असली तरी दहा वर्षांचे टायर ताकदवान गाडीला घालू नका. पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं मिळतं, या गाडीच्या काळात ते नव्हतं, म्हणून टाकीपासून इंजिनपर्यंतच्या रबरी नळ्या इथेनॉल चालेल अशा घ्या आणि बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर त्या दिवशी गाडी काढू नका.

एवढं झालं, आकडे स्टॉकवर आले, हजारभर किलोमीटर गाडी नीट चालली, की मग रिमॅप. स्टॉकमध्ये टर्बो अर्ध्या बारच्या आसपास प्रेशर देतो, रिमॅपमध्ये मधल्या आरपीएमला एक बारच्या जवळ जातो आणि १५० ची गाडी १८०-१९० च्या आसपास येते. त्याच्या वर के०३ कडून मागू नका, छोटा टर्बो आहे, ५५०० नंतर त्याचा दम संपतो आणि तो फक्त गरम हवा फेकत राहतो. रिमॅपवाल्याला सांगा की टॉर्क खालून एकदम आदळू देऊ नको, हळू चढव, क्लच आणि गिअरबॉक्स वाचतात. जुन्या क्लचची परीक्षा घाटात होते, चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि आरपीएम वर गेला पण स्पीड तिथेच, तर क्लच आधी. प्लगची गॅप ०.७ मिमी, पेट्रोल ९५ च्या वरचं ऑक्टेन, आणि त्यावरच फाइल, म्हणजे रिमॅपचा प्रोग्रॅम, बनवून घ्या, मग घाईत साधं भरायचं नाही.

मूळ फाइलची कॉपी पेन ड्राइव्हवर मागून घ्या. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकायच्या भानगडीत पडू नका, पीयूसी आहे, गाडीतल्या बदलांवरचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून रजिस्ट्रेशन वाढवून घ्यावं लागतं, वर पर्यावरण कर वेगळा. इन्शुरन्सवाल्यांनाही बदल लेखी कळवा.

आणि डिसेंबरात रिमॅप केला असेल तर मे महिन्यात आकडे परत बघाच. या गाडीचा इंटरकूलर छोटा आहे, बंपरच्या कोपऱ्यात, ट्रॅफिकमध्ये तापला की थंड व्हायला वेळ घेतो. मी यंदा मेमध्ये भर दुपारी खोपोलीहून घाट चढताना मामाच्या मांडीवर लॅपटॉप दिला आणि सांगितलं ब्लॉक ०२० मधले फक्त चार आकडे वाचत राहा. मामा मोठ्याने वाचत होता, तीन, तीन, सात, चार. परत चढलो, परत तिसऱ्या सिलिंडरला सात. डिसेंबरात तिथे अडीच होते. दुसऱ्या दिवशी तिसरा प्लग आणि कॉइल बदलली, फरक पडला नाही, मग फाइलमध्ये गरम हवेला टायमिंग दोन अंश कमी करून घेतलं आणि पुढच्या रविवारी तोच घाट, तीच वेळ. मामाने वाचलं, दोन, तीन, तीन, तीन, आणि लॅपटॉप बंद करून म्हणाला, आता लोणावळ्यात चहाला थांब.